बंपरवरचे जादा दिवे

रिहे, ता. २१ जुलै १९६६

कोंडिबा मिस्त्री यांस जयसिंगचा नमस्कार.

आधी 'तात्या' लिहिलं होतं, मग कागद बदलला. वर्षभर ज्याला कुशल विचारलं नाही त्याला एकदम तात्या म्हणायचं हे माझं मलाच बरं दिसेना. तुम्ही माणगावला भातगिरणीत मोटरी दुरुस्त करता असं मिठाच्या ट्रकवाल्याकडून कळलं. पत्र कामापुरतं आहे, फार वेळ घेत नाही.

काम असं. गाडीला जादा दिवे कोणते ठेवायचे, कंपनीचे की बाजारातले? तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून मिलिटरी ट्रकचे जे दोन पिवळे दिवे आणून माझ्या अँबॅसडर टॅक्सीच्या बंपरवर बसवले होते, ते आता माळ्यावर पोत्यात आहेत. दिवाळीत मी कंपनीचे घेतले. पुण्याच्या एजंटानं चार महिने रखडवलं, पण माल काय वर्णावा. खोक्यावर इंग्रजी छापलेलं, आत कापूस, काचेवर नंबर कोरलेला. आईनं त्यांना हळदकुंकू वाहिलं. पौडच्या स्टँडवरची मंडळी वाकून वाकून बघायची आणि काचेत स्वतःच्याच मिशा पाहून परत जायची.

आता पुढचं. गेल्या श्रावणात पिरंगुटच्या घाटात जे झालं ते मी उगाळत बसणार नाही. सकाळची वेळ होती, धुकं होतं, मेंढ्या दिसल्या नाहीत. सिद्धू धनगराचा पाय मोडला, तीन मेंढ्या मेल्या, माझं कपाळ फुटलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर चारचौघांत मी म्हणालो की मिस्त्रीच्या भंगारातल्या दिव्यांनी घात केला. तुम्ही ऐकून घेतलंत. आठ दिवसांत शेडला कुलूप लावून ताम्हिणी उतरून गेलात. बोलायचं होतं तर तेव्हा बोलायचं होतं, एवढंच माझं म्हणणं.

पण गेल्या शुक्रवारी त्याच वळणावर पुन्हा तसंच झालं. सकाळचे आठ वाजले असतील. धुकं एवढं की बॉनेटचं टोक दिसेना. कंपनीचे दिवे लावले आणि समोर चुन्यानं सारवल्यासारखं सगळं पांढरं झालं. रस्ता गेला, कठडा गेला. मी करकचून ब्रेक दाबला. खाली उतरून पाहिलं तर पुढचं चाक कठड्याच्या दगडापासून वीतभर. मागं दोन बायका होत्या, त्या दोघींनी एकदमच देवाचं नाव घेतलं. या खेपेला वाटेत मेंढ्या नव्हत्या म्हणून निभावलं.

तर कंपनीचा दिवाही असा का वागतो? जागा चुकली, काच चुकली, की मी नुसता नंबराला भुललो? तुमचे जुने परत बसवू का? तुमच्याशिवाय विचारावं असं या खोऱ्यात कुणी नाही. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

जयसिंग

रिहे, ता. २ ऑगस्ट १९६६

कोंडिबा मिस्त्री यांस,

कार्ड मिळालं. अक्षर गिरणीच्या कारकुनाचं दिसतं, पण बोल तुमचेच. दोन ओळी. 'दिवा कोनच्या कंपनीचा हाय ते धुक्याला कळत न्हाई. डिकीत काय हुतं ते लिही.'

मी एवढं सविस्तर लिहिलं आणि तुम्ही डिकी विचारता. मिस्त्री, दिवे पुढं असतात, डिकी मागं असते. तुमच्या हाताखाली तीन वर्षं काढली, तेव्हाही असंच. डायनामो का तापतो विचारलं की तुम्ही म्हणायचा, पट्टा बघितलास का. पट्टा बघितला की म्हणायचा, हात धुतलेस का. सरळ उत्तर म्हणून कधी मिळालं नाही.

डिकीत काही नव्हतं. स्टेपनी होती, जॅक होता, एक ताडपत्री होती. झालं समाधान?

तुम्हाला सांगायचं नसेल तर तसं लिहा. मी पुण्याला जाऊन एजंटालाच विचारीन. तो टाय लावतो, पण निदान विचारल्याचं उत्तर देतो.

जयसिंग

ता. क. आईनं कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नंतर चुलीपुढं बसून म्हणाली, 'इचारलंय ते सांगायचं सोडून त्याच्यावरच का खेकसतुयास?' ती तुमची बाजू घेते हे काही आजचं नाही.

रिहे, ता. ९ ऑगस्ट १९६६

मिस्त्री,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. डिकीत तांदूळ होता.

त्या जुलैतल्या शुक्रवारी दोन पोती होती. आणि गेल्या श्रावणात तीन. दोन डिकीत, एक मागच्या सीटच्या पायाशी, वर घोंगडी टाकून. वाड्यावरच्या हैबतरावांचा आंबेमोहर, त्यांच्या पुण्यातल्या लेकाच्या घरी पोचवायचा. आपल्या खोऱ्यातून पुण्याला निघालेली गाडी कधी मोकळी जाते का? ज्याचं माणूस शहरात, त्याच्या घरी इथला तांदूळ गेलाच पाहिजे, नाहीतर ते घर तुटलं असं आपल्याकडं धरतात. मी नाही म्हटलं असतं तर हैबतराव म्हणाले असते, गाडी आली आणि पोराला शिंगं फुटली. पण आता बिनपरवान्याचं धान्य शहरात न्यायला बंदी आहे, आणि टॅक्सीत माल भरायचा नाही हे तर लायसन देतानाच बजावलं होतं. म्हणून पोती कधी कुणाला सांगितली नाहीत. तुम्हालाही नाही. सांगितलं असतं तर तुम्ही भरू दिली नसती.

तुमचं कार्ड खिशात घेऊन आठवडाभर फिरलो. शनिवारी पुण्याहून मोकळा परत येत होतो. घाटात तसंच धुकं, तेच वळण. दिवे लावले आणि रस्ता दिसला. कडेचं गवत दिसलं, दगड दिसले, एक खेकडा आडवा चालला होता तोही दिसला. मी गाडी थांबवली. मग ध्यानात आलं की परतीला मला नेहमीच दिसायचं. तुमच्या दिव्यांनी दिसायचं आणि कंपनीच्याही. मी समजत होतो की परतीच्या वेळी धुकं विरळ असतं.

परवा दिवेलागणीला गाडी शाळेच्या भिंतीपुढं वीस पावलांवर उभी केली. मोकळ्या गाडीचा उजेड भिंतीवर गुडघ्याएवढा पडला, तिथं कोळशानं रेघ मारली. मग वाळूची तीन पोती तांदळाच्या जागी ठेवली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बसल्या, गाडीनं नाक वर केलं आणि उजेड हातभर वर चढला. तिथं दुसरी रेघ मारली. मग कंपनीचे दिवे काढले आणि माळ्यावरचे तुमचे बसवले. मोकळ्या गाडीला पहिली रेघ, भरल्या गाडीला दुसरी. बोटभराचाही फरक नाही.

मिस्त्री, त्या दोन्ही सकाळी दिवे रस्त्यावर पडतच नव्हते. ते धुक्याच्या पोटात शिरत होते आणि सगळा पांढरा उजेड माझ्याच डोळ्यांवर परत येत होता. दिव्यांनी घात केला नाही. मी केला. वर तुमच्या नावानं डांगोरा पिटला.

पोती गेल्या श्रावणातल्या त्या सकाळी कशी नाहीशी झाली हे मला आजवर कळलेलं नाही. मी रक्त पुसत पिरंगुटला मदत आणायला गेलो आणि जमादाराला घेऊन परत आलो तर गाडी रिकामी. हैबतरावांना विचारलं तर म्हणाले, पोती पोचली, तू गप बस. त्यांच्या गड्यांनी नेली असतील असं मी धरलं.

तुम्हाला पोत्यांचं कसं कळलं? का नुसता अंदाज केलात?

जयसिंग

रिहे, ता. १४ ऑगस्ट १९६६

तात्या,

आता तात्याच लिहितो. तुम्हाला राग आला तरी चालेल.

भिंतीवरच्या रेघांचा गावभर बोभाटा झाला. पोरांनी गुरुजींना सांगितलं, गुरुजींनी मला पुसायला लावल्या. पुसत होतो तेव्हा सिद्धू काठी टेकत आला. त्याचा पाय जुळला पण वाकडा जुळला, तुम्हाला ठाऊक असेल. वर्षभरात मी त्याला दोनदा भेटलो आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोललो. तो रेघांकडं बघत उभा राहिला आणि विचारलं, ही वरची कशाची? मी म्हणालो, पोत्यांची. झटक्यात तोंडातून निघून गेलं.

सिद्धू खाली बसला, पाय लांब केला आणि तंबाखू काढली. म्हणाला, 'म्हंजी तुला आत्ता कळलं व्हय?'

मग त्यानं सांगितलं. तुम्ही लवळ्याहून पंपाची मोटर घेऊन बैलगाडीनं येत होता. मी पिरंगुटकडं उतरलो होतो. तुम्ही आधी सिद्धूचा पाय दोन काठ्यांमध्ये बांधलात. मग गाडीभोवती फिरलात, डिकी आणि मागचं दार उघडलंत, तिन्ही पोती एकट्यानं उचलून बैलगाडीत टाकलीत आणि वर पेंढा पसरलात. साठीला टेकलेला माणूस आणि तीन पोती. सिद्धू म्हणतो, दुसऱ्या पोत्याला तुम्ही मटकन खाली बसला होता. पोती हैबतरावांच्या वाड्यावर तुम्हीच पोचवलीत.

सिद्धूचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण ते माझ्या कानातून जात नाहीत. 'मिस्त्री मला म्हनला, सिद्धू, पोरगं नवं हाय, लायसन गेलं तर उठायचं न्हाई. तू पोती बघितली न्हाईस. मी म्हनालो, न्हाई बघितली. पाय मोडला हुता माझा, डोळं न्हवं.'

मी विचारलं, मग मी स्टँडवर मिस्त्रीला बोल लावला तेव्हा तू तरी का नाही बोललास? तो म्हणाला, मिस्त्री गप होता, मग मी कोण? आणि तुमच्या त्या दोन शेळ्या, ज्या तुम्ही जाताना त्याच्या कळपात सोडून गेलात. गावानं त्याचा अर्थ लावला की मिस्त्रीनं चूक कबूल केली. मीही तोच लावला. सिद्धू म्हणाला, शेळ्या चूक म्हणून दिल्या नव्हत्या, माझी दुधाची सोय म्हणून दिल्या होत्या.

तात्या, दिव्यांची बाजू घ्यायची तर पोती सांगावी लागली असती. पोती सांगितली तर माझं लायसन गेलं असतं. म्हणून तीस वर्षांची कारागिरी तुम्ही माझ्या एका वाक्याखाली मुकाट्यानं जाऊ दिलीत. आणि मी मागं लिहिलं की बोलायचं होतं तर तेव्हा बोलायचं होतं. ते पत्र तुमच्याजवळ असेल तर चुलीत घाला.

माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. बाप काय करतो ते मी दुसऱ्यांच्या घरी पाहून शिकलो, असं मला वाटायचं. तसं नव्हतं हे आता कळतंय. तुमचे उपकार मानतो असं लिहायला गेलो तर शब्द फार लहान पडतो, पण दुसरा येत नाही, म्हणून तोच लिहितो. उपकार मानतो.

आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, मग आता हितं बसून काय करतुयास?

तुमचा,
जयसिंग

रिहे, ता. ४ सप्टेंबर १९६६

तीर्थरूप तात्यांना जयसिंगचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. कारकुनानं या खेपेला पाच ओळी लिहिल्या म्हणजे तुम्ही त्याला चहा पाजलेला दिसतो. कंपनीचेच दिवे ठेव, त्यांची पट्टी मजबूत आहे, माझ्या दिव्यांची गंजली असेल. दोन बोटं खाली वाकव. माल भरू नको. हे सगळं समजलं. शेवटची ओळ अशी, 'झालं ते झालं, कुनाला काय सांगू नकोस, लायसन जप.'

तात्या, ही ओळ पोचायच्या आधीच मी सांगून बसलो होतो. खरं तर वेळेवर पोचली असती तरी मी ऐकलं नसतं, तेवढं खोटं आता लिहीत नाही.

पंचवीस तारखेला पौडचा बाजार होता. स्टँडवर सगळे होते, टांगेवाले, दूधवाले, पानवाला कुशाबा, आणि हैबतरावही बिडी ओढत उभे होते. मी गाडीच्या बंपरवर चढलो. भाषण करायचं नव्हतं, पण उंचावरून बोललो नसतो तर धीर झाला नसता. ज्या जागेवर तुम्हाला बोल लावला त्याच जागेवरून सांगितलं. म्हणालो, मिस्त्रीचे दिवे चांगले होते. गाडीत तीन पोती तांदूळ होता, तो मी भरला होता, आणि त्यानं गाडीचं नाक वर गेलं. पोती मिस्त्रीनं हलवली ती मला वाचवायला. मी त्यांना गावातून घालवलं.

हैबतराव म्हणाले, 'जुनी मढी कशाला उकरतुयास? ज्याचं त्यानं गिळलंय न्हवं?' मी म्हणालो, गिळलं ते मिस्त्रीनं, आपण दोघांनी नाही. ते तडक निघून गेले. तेव्हापासून त्यांच्याकडून बोलावणं नाही. त्यांचा लेक आता पुण्यात रेशनचा तांदूळ खातो असं ऐकतो. इतर लोक बिचारे तसे भले आहेत. कुशाबानं जीभ चावली आणि मला फुकट पान दिलं. मी ते खाल्लं नाही, कारण ते माझं नव्हतं.

पण स्टँडवर सांगून भागत नव्हतं. गेल्या वर्षी जमादाराच्या कागदावर मी सही केली होती, त्यात दिवे खराब असं लिहिलं आहे. माणसं विसरतील, पण कागद जन्मभर तेच म्हणत राहणार. म्हणून दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो आणि नवा जबाब दिला. पोती कुणाची होती तेही जमादारानं विचारलं, ते सांगायचं की नाही हे मी हैबतरावांवर सोडलं. पोती कुणी हलवली असं विचारलं तेव्हा मात्र तुमचाच कित्ता गिरवला आणि माहीत नाही म्हणालो. स्टँडवर शंभर माणसांनी ऐकलं होतं, जमादारानंही ऐकलं असणार, पण तो हसला आणि त्यानं तसंच लिहून घेतलं. मग पुण्याच्या लायसनवाल्या साहेबांपुढं उभा राहिलो. त्यांनी सगळं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, हे तू आपण होऊन सांगतोस? मी हो म्हणालो. लायसन सहा महिन्यांसाठी जमा झालं. वर्षासाठी करता आलं असतं, असं ते म्हणाले.

तात्या, तुम्ही ज्यासाठी गाव सोडलंत, शेड सोडलीत, नाव सोडलंत, ते लायसन मी एका सकाळी माझ्या हातानं टेबलावर ठेवून आलो. तुमचं वर्ष मी फुकट घालवलं असं तुम्हाला वाटेल. रागवा. पण तुमच्या नावावर उभं राहून गाडी चालवायची, प्रत्येक वळणावर ते पायाखाली घ्यायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. तुम्ही दिलेलं ठेवून घेतलं असतं तर तुमचा ऋणी राहिलो असतो, पण तुमचा माणूस राहिलो नसतो.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे. आई म्हणते, कोंबड्यांची सोय झाली. सिद्धू रोज संध्याकाळी येऊन बसतो. सध्या घरी खायला कमी नाही, खाचरं चांगली आहेत, तुम्ही काळजी करू नये. मला रात्री झोप लागते, वर्षात पहिल्यांदा.

शेडचं कुलूप मी मोडलं, किल्ली तुमच्याकडं असल्यानं. आत उंदीर होते, ते काढले. पत्रा एका कोपऱ्यात गळत होता, तो बदलला. पौडचे दोन पंपवाले आणि उसाच्या गुऱ्हाळाचे वाल्मीकराव विचारून गेले, मिस्त्री कधी येणार. मी त्यांना सांगितलं, माझ्या हातात नाही. ते म्हणाले, मग कुणाच्या हातात आहे?

म्हणून येत्या रविवारी एसटीनं माणगावला येतोय. गिरणीच्या मालकांना सांगून ठेवा. तुम्ही नाही म्हणालात तरी येणार, आणि हो म्हणालात तर तुमची हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन घाट चढणार, कारण एसटीचा कंडक्टर ती आत घेऊ देणार नाही. पेटी किती जड आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही उचललेल्या तीन पोत्यांपेक्षा हलकीच असणार.

सहा महिने मी कुणाचा ड्रायव्हर नाही. तुमच्या हाताखाली कुणी नाही असंही कळलं. शेड उघडलीत तर सकाळी सातला झाडू मारून तयार असेन, आणि डायनामो का तापतो म्हणून विचारणार नाही. आधी पट्टा बघीन.

तुमचा,
जयसिंग